द्वारकाबाईंचा दोर

मंडईतल्या ओट्यावर चढायची एक रीत आहे. उजवा पाय खालच्या बाहेर आलेल्या दगडावर ठेवायचा, डाव्या हाताने खांबातल्या कडीला बांधलेला दोर धरायचा आणि एका दमात स्वतःला वर ओढून घ्यायचं. मग टोपल्यांना पाय न लावता मागे सरकायचं आणि मांडी घालायची. द्वारकाबाई हे चाळीस वर्षं रोज सकाळी सातला करत आल्या. मी ते निदान हजार वेळा पाहिलं असेल आणि एकदाही नीट पाहिलं नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. नीट पाहा, नीट पाहा, असं पस्तीस वर्षं मुलांच्या डोक्यावर आपटणं हीच माझी नोकरी होती.

माझं आधी सांगून टाकतो. नाव श्यामसुंदर, वय त्र्याहत्तर. जन्म शुक्रवार पेठेतला, शाळा तिथलीच, नोकरीही त्याच शाळेत. दर वर्षी आठवीच्या मुलांना घेऊन मी मंडईत जायचो. पोरं बाहेरच फतकल मारून मनोरा काढायला बसायची. मधला अष्टकोन, त्यावर ऐंशी फुटांचा मनोरा, बाजूंना लांब पसरलेले दगडी हात, त्यांवर कौलं. मी म्हणायचो, गाढवांनो, मनोरा लग्नाच्या पत्रिकेवर छापणारासुद्धा काढतो. आत चला, ओटे बघा.

ओट्यांवर माझा जीव होता. ओटा कमरेच्या किंचित वर. विकणारा त्यावर मांडी घालून बसला आणि घेणारा खाली उभा राहिला, की दोघांचे डोळे बरोबर समोरासमोर येतात. कुणी कुणापुढे वाकायचं नाही, कुणी मान वर करायची नाही. माल मध्ये, उतरत्या पायरीवर. एवढा साधा हिशेब ज्या कुणी केला, त्याला माझा नमस्कार, असं मी प्रत्येक तुकडीला सांगितलं. मुलं जांभया द्यायची.

मंडई बांधण्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. उन्हात सुकायचा, पावसात कुजायचा. १८८६ साली ही इमारत उघडली आणि तिला तेव्हाच्या गव्हर्नरसाहेबांचं नाव दिलं. एवढा पैसा दगडांत घालण्यापेक्षा शाळांवर खर्च करा, असं नगरपालिकेत ज्यांनी ठणकावून सांगितलं होतं, त्यांचंच नाव पुढे मंडईला मिळालं. पुण्यात विरोध करणाऱ्याचा सन्मान असाही करतात. आता खालून मेट्रो जाते आणि वर कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारणं चालू असतं.

तर द्वारकाबाई. त्यांच्या सासूबाई बहात्तरच्या दुष्काळात कळंबकडून मुलाला घेऊन पुण्यात आल्या. मंडईच्या बाहेर, पुतळ्याच्या बाजूला, गोणपाट टाकून लिंबं-मिरची विकायला बसल्या. आठ वर्षं बसल्या. मग आतला गाळा मिळाला. गाळा म्हणजे तोच ओटा, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. द्वारकाबाई चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा, उत्तरेश्वर, पाठीवर पोती वाहायचा. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, तसा तोही तिकडे गेला. पाठ गेली, मग तोही गेला. त्याला बारा वर्षं झाली.

सुनेला पहिल्या दिवशी सासूने ओट्यावर चढायला शिकवलं. ते शब्द द्वारकाबाई मला पुष्कळदा ऐकवायच्या. "गुडघ्यावर जाऊ नको, हातावर जा. गुडघा आज हाय, उद्या न्हाई." गुडघ्याबाबत सासूबाई बरोबर निघाल्या. पन्नाशीनंतर दोन्ही गुडघे बोलायला लागले, पण हात होता आणि दोर होता, त्यामुळे चाललं.

त्या दोराचीही एक पद्धत होती. दसऱ्याला तराजूची पूजा झाली की जुना दोर सोडून नवा बांधायचा. पण आपला आपण बांधायचा नाही, शेजारच्या गाळेवाल्याने बांधायचा. द्वारकाबाईंचा दोर शेजारचा कांदे-बटाटेवाला संभाजी बांधायचा आणि त्याचा या. वर्षभर एकमेकांच्या गिऱ्हाइकावरून तोंडाला तोंड लागलेलं असलं, तरी गाठ मारताना कुणी कुचराई करत नसे. आपण मारलेल्या गाठीवर दुसऱ्याचं वजन पडणार, म्हणून माणूस नीट गाठ मारतो, असं द्वारकाबाईंचं म्हणणं होतं. मला तेव्हा ते नुसतंच गमतीचं वाटलं.

एकदा वर चढल्या की त्या दुपारी दोनपर्यंत उतरत नसत. उतरायला लागू नये म्हणून पाणीही घोटभरच प्यायच्या. त्यांचा मुलगा शंभू त्या ओट्यावरच अभ्यास करून मोठा झाला. माझ्या वर्गात होता. मनोरा न काढता आईच्या पाटीतली लिंबं काढणारा तो एकटाच, म्हणून लक्षात राहिला. आता खराडीला नोकरी करतो, धायरीला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. चांगला मुलगा आहे.

माझी आणि त्यांची ओळख लिंबांची. दुसऱ्या कुणी पाटीत हात घातला, की त्या म्हणणार, "राहू द्या ताई, समदी सारखीच हायती." मला मात्र म्हणायच्या, "निवडा सर. तुमचा डोळा हाय." पातळ सालीची, किंचित पिवळी पडलेली चार लिंबं निवडताना मला फार बरं वाटायचं. निवृत्त माणसाला आपल्या डोळ्याची किंमत सांगणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नसतं.

आता पत्राचं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मंडईची डागडुजी होणार, मूळ रूप परत आणणार, अशी बातमी आली. मी त्याच दुपारी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. भाषा चांगली जमली होती. ओट्यांचं सौंदर्य, समोरासमोर येणाऱ्या डोळ्यांचा हिशेब, सगळं घातलं. आणि शेवटी यादी दिली. 'लोंबणारे दोर, गंजक्या कड्या, गोणपाटाचे पडदे, वेडेवाकडे खिळे ही सारी मागाहून आलेली विद्रूपता निर्दयपणे दूर करावी.' निर्दयपणे हा शब्द मला विशेष आवडला होता. पत्र नावासकट छापून आलं.

आठ दिवसांनी तनयाचा फोन आला. तीही माझी विद्यार्थिनी. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका संस्थेत आर्किटेक्ट झाली होती, आणि मंडईच्या एका हाताचं काम त्यांच्याकडे आलं होतं. "सर, तुमचं पत्र आमच्या फाइलला पहिलंच लावलंय. रिमूव्हल लिस्ट आम्ही तुमच्यावरूनच केली." मी हे घरी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझी बायको सुनीती म्हणाली, "कळलं. आता मंडई सुधारून झाली असेल, तर तिथून कोथिंबीर घेऊन या."

कामासाठी त्या हातातल्या गाळेवाल्यांना वर्षभर बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं होतं. श्रावणात ते परत आत आले. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेलो. दगड धुऊन काळेभोर झाले होते, सांध्यांमध्ये नवा चुना, कुठे लोंबणारं काही नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग द्वारकाबाईंच्या ओट्याकडे वळलो.

दोन हमाल त्यांना वर चढवत होते. एकाने काखेत हात घातला होता, दुसऱ्याने पाय उचलून धरले होते. पोत्याला म्हणतात तसं एक जण "हां, उचल" म्हणाला. द्वारकाबाई आडव्यातिडव्या ओट्यावर पडल्या, लुगडं सारखं केलं, आणि आधी आजूबाजूला पाहिलं. कुणी पाहिलं का ते पाहत होत्या. मी पाहिलं होतं.

"या सर," त्या म्हणाल्या. "लिंबं चांगली हायती आज."

"दोर कुठं गेला?"

"काढला की त्यांनी. कडीसकट. जुन्यावाणी करायचं हाय म्हणं समदं."

खांबात जिथे कडी होती, तिथे चुन्याचा गोल ठिपका होता, व्यवस्थित गुळगुळीत केलेला. पत्र माझं होतं, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी आलं घेतलं, लिंबं विसरलो आणि घरी आलो.

पुढचा महिना-दीड महिना असाच गेला. सकाळी हमाल मोकळे असले तर सातला चढवायचे, नाहीतर आठ. उतरवायला संध्याकाळी यायचे. दुपारचं उतरणं बंद झालं, म्हणून द्वारकाबाईंनी सकाळचा चहा सोडला. एकदा प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ते ओल्या फरशीवर सरकलं आणि कोपर फुटलं. लाकडी आणलं, तर रखवालदाराने उचलून नेलं, कारण वाटेत काही ठेवायचं नाही असा नवा नियम होता. खालचा दगड जागेवर होता, पण नुसत्या पायाच्या जोरावर चढण्याएवढा गुडघा उरला नव्हता.

"शंभू म्हणतोय बास झालं," एक दिवस त्या मला म्हणाल्या. "गाळा सोड, धायरीला ये. त्याचं बी चूक न्हाई. पण म्या तिथं काय करू सर? म्हैनाभर राहून आले. दोघं कामाला जात्यात. भिंतीकडं बघून झोप येती, आन् उठलं की पुन्हा भितच. हितं निदान माणसं तोंडासमोर येत्यात."

प्रश्न एवढाच होता. ओट्यावर चढता आलं, तर मंडई. नाहीतर सहावा मजला.

मी घरी सुनीतीला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरणं न थांबवता म्हणाली, "मग जा आणि निस्तरा." तेवढं मला पुरलं.

मंडईच्या दुसऱ्या एका हाताचं काम अजून सुरू व्हायचं होतं. तिथल्या खांबांत कड्या तशाच होत्या. मी बॅटरी आणि भिंग घेऊन गेलो, शिडी मागून वर चढलो. गाळेवाले हसत होते, हसू दिलं. कडीचा दांडा दगडात जिथे शिरत होता, तिथे करडं, मऊ काहीतरी होतं. नखाने ओरखडा उठला. शिसं. आणि कडीभोवतीचा दगड सपाट नव्हता. तिथे मुद्दाम वाटोळा उंचवटा सोडून घडवलेला होता. तयार खांबाला मागाहून भोक पाडणारा असला उंचवटा कुठून आणणार? खांब घडवतानाच कडीची जागा ठरलेली होती. पस्तीस वर्षं मी इथे मुलांना 'नीट पाहा' सांगत उभा होतो, आणि तो उंचवटा माझ्या डोक्यावर दोन हात होता.

तनया आली, शिडीवर चढली, बराच वेळ खाली उतरली नाही. उतरली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "सर, हे ओरिजिनल आहे! शिसं ओतून बसवलंय. आपण चुकलो." आपण म्हणाली, हा तिचा चांगुलपणा. कड्या भंगारात गेल्या नव्हत्या, क्रमांक घालून ठेवल्या होत्या. परत बसवू म्हणाली.

मी तडक द्वारकाबाईंकडे गेलो. "कडी परत येतेय," म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. दोनदा विचारलं, "खरं म्हणताय सर?" मग पाटीतून मूठभर लिंबं काढून माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. कडी काढली कुणामुळे, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. जिंकलेल्या माणसाच्या थाटात घरी आलो. त्याची मला आजही लाज वाटते.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी कडी आली. गंज काढून, तेल पाजून, काळी कुळकुळीत. तिच्याखाली चार बोटांची पितळी पट्टी होती. "काय लिवलंय सर?" द्वारकाबाईंनी वरून विचारलं. त्यांना वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचलं. 'मूळ बांधकामातील कडी, इ. स. १८८६. ऐतिहासिक वारसा. कृपया ओढू नये. काही बांधू नये.'

त्या पट्टीकडे बघत राहिल्या. "म्हंजी दोर न्हाई बांधायचा."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच तनयाला फोन केला. आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "सर, एकशे चाळीस वर्षांचं लोखंड आहे. त्यावर रोज माणसाचं वजन कसं घेऊ द्यायचं? तुटलं तर त्याच पडतील." मी म्हटलं, मग शेजारी नवी कडी ठोका. ती म्हणाली, "मूळ खांबाला नवं भोक? सर, तुम्हीच पत्रात लिहिलंय, या दगडाला आता एक खिळाही लागता कामा नये." लिहिलं होतं खरं. मी फोन ठेवला.

दसऱ्याला झेंडूचे ढीग अष्टकोनापर्यंत आले होते. संभाजीने रीतीप्रमाणे नवा दोर आणला. बांधायला जागा नव्हती. तो थोडा वेळ दोर हातात घेऊन उभा राहिला, मग वेटोळं करून तराजूशेजारी ठेवला. द्वारकाबाईंनी तराजूला हळद-कुंकू वाहिलं, तसंच दोरालाही वाहिलं. रखवालदार पट्टीकडे आणि संभाजीच्या हाताकडे आळीपाळीने बघत होता. हमाल आले, द्वारकाबाईंना खाली उतरवलं. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा इतका थकलेला होता, की मी सोनं द्यायला पुढे केलेली आपट्याची पानं तशीच परत खिशात घातली.

दिवाळीनंतर गेलो, तर ओट्यावर संभाजीचे बटाटे पसरले होते. "मावशी बाहेर हायती," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

पुतळ्याच्या बाजूला, जिथे त्यांच्या सासूबाई बहात्तर साली बसल्या होत्या, साधारण तिथेच, द्वारकाबाई गोणपाटावर बसल्या होत्या. पाय लांब केलेले. पुढ्यात एकच पाटी, लिंबं आणि मिरच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गुडघे त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होते.

"गाळा सोडला?"

"सोडला. शंभूला सांगितलं, ह्यो हिवाळा हितं बसते. गोणपाटावर टेकाया दोर लागत न्हाई. पुढं उन्हाळ्यात हितं बसवायचं न्हाई, मग जाईन धायरीला." बोलताना त्या गुडघा चोळत होत्या. "दमले बी आता."

मला आणखी पुढे रेटता येईना. उभ्या उभ्याच बोललो. "द्वारकाबाई, दोर काढायला मी सांगितलं होतं. पेपरात पत्र लिहिलं होतं मी. त्यावरून काढला त्यांनी."

त्या गडबडल्या नाहीत. "ठावं हाय की," म्हणाल्या. कमरेची चंची काढली. तिच्यातून तंबाखूच्या डबीखाली घडी करून ठेवलेला पिवळा कागद काढला आणि वर, माझ्याकडे केला. माझं पत्र. चारी बाजूंनी कात्रीने नीट कापलेलं. "शंभूनं वाचून दावलं व्हतं तवाच. सरांचं नाव आलंय म्हणून ठिवलं कापून. समद्या गाळ्यांना दावलं."

"पण त्यात दोर काढा असं होतं ना?"

"व्हतं. म्या आयकलं." त्यांनी पाटीतली एक मिरची सारखी केली. "मला वाटलं, दुसऱ्यांचे म्हणत असत्याल. आपले सर हायती, आपला दोर त्यांनी बघितलेला हाय."

कागद माझ्या हातात होता. तो परत द्यावा की ठेवून घ्यावा, हेही मला कळेना. त्यांनीच हात पुढे करून घेतला, घडी घातली, चंचीत ठेवला. मला रडू येत होतं आणि भर रस्त्यात ते येऊ नये म्हणून मी लिंबं घ्यायला खाली वाकलो. कंबरेतून कळ आली. मी अर्ध्यावरच थांबलो, एक हात गुडघ्यावर आणि एक हवेत.

"ऱ्हाऊ द्या सर, वाकू नका," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या देते निवडून."